अकरावी ताडपत्री

आमच्या कारखान्यात ताडपत्र्या बनतात. बनून झाल्या की त्या शेवटच्या टेबलावर मावशीसमोर यायच्या. सत्तावीस वर्षं तेच स्टूल, तसाच जाड काचांचा चष्मा आणि एकच लाल शिक्का: नापास. पास झालेल्या मालावर ती काहीच मारायची नाही. कौतुकावर शाई खर्च करणं तिला पटत नसे.

तोंडावर तिला सगळे मावशी म्हणायचे, पाठीमागे नापासमावशी. मी आयलेटवाला, म्हणजे ताडपत्रीच्या कडेला दोरी ओवायला ज्या पितळी कड्या असतात त्या ठोकणारा. सतरा वर्षांत तिने माझा इतका माल परत पाठवला की माझ्या लग्नात तिने आहेर दिला तेव्हा मी तो आधी उलटून पाहिला, मागे शिक्का तर नाही ना.

नापास का, हे ती कधी सांगायची नाही. शिक्क्याखाली कारण लिहायला चौकोन होता, तो सत्तावीस वर्षं कोरा. विचारायला गेलं तर म्हणायची, "कारण सांगितलं की माणूस तेवढंच सुधारतो." त्यामुळे गळकी ताडपत्री, तिरक्या शिवणीची, फिक्या रंगाची आणि जिच्यावर कंपनीचं नाव बोटभर सरकलंय ती, सगळ्या एकाच शिक्क्याखाली मागच्या गोदामात एकाच ढिगात पडायच्या. आमची कंपनी काही फेकत नाही. मोडक्या खुर्च्यांपासून निकामी साहेबांपर्यंत सगळं जपून ठेवते.

मावशीचा नवरा आमच्याच कारखान्यात जोडमशीनवर होता. दोन पट्टे तापवून एकमेकांना चिकटवायचे, त्याला जोड म्हणतात. मशीनचा नंबर सात, म्हणून माणसाचं नावही सातनंबर पडलं. नियम असा की एका महिन्यात दहाच्या वर नापास गेले की माणूस मशीनवरून खाली. नऊ वर्षांपूर्वी एका महिन्यात त्याच्या दहा गेल्या. महिन्याच्या शेवटच्या दिवशी अकरावी टेबलावर आली तेव्हा सगळी शेड हातातलं काम टाकून बघत होती. मावशीने चष्मा पुसला, जोड उजेडाला धरला आणि शिक्का मारला.

सातनंबर त्याच संध्याकाळी मशीनवरून उतरला. झाडू मारायचं काम देऊ केलं होतं, ते त्याने घेतलं नाही. घरी बसून लोकांच्या छत्र्या आणि कुलपं दुरुस्त करायला लागला. आणि त्या दिवसापासून बायकोशी एक अक्षर बोलला नाही. मी शेजारी राहतो, आमच्यात एकच भिंत, म्हणून मला ठाऊक. काही लागलं तर तो खिडकीला सांगायचा, "मीठ कमी आहे." मग मावशी खिडकीच्या वतीने मीठ आणून ठेवायची. आम्ही वस्तीतले लोक याच्यावर पोट धरून हसायचो. आता त्याची लाज वाटते, पण हसायचो हे खरं आहे.

तर मग ते वादळ आलं. भरदुपारी, दोन तास. आमच्या वस्तीतल्या निम्म्या घरांचे पत्रे उडाले. माझा पत्रा शाळेच्या मैदानात सापडला आणि माझ्या अंगणात कुणाचं तरी दार येऊन पडलं, कुलपासकट. मावशीचं छप्पर तर सापडलंच नाही. माणसं सगळी वाचली, एवढं एक बरं झालं.

कंपनीने काय केलं? आधी थट्टेची गोष्ट सांगतो. आमच्याकडे कर्मचाऱ्यांच्या भल्याचं बघायला एक तरुण साहेब आहे. तो रोज सकाळी सगळ्यांना फुलांचे फोटो पाठवतो म्हणून त्याचं नाव शुभसकाळ. त्याने लगेच मेसेज केला, "या कठीण प्रसंगी कंपनी आपल्या पाठीशी आहे. मन मोकळं करण्यासाठी पुढील नंबरवर फोन करा." टॉवर पडला होता, तेव्हा हा मेसेज आम्हाला तिसऱ्या दिवशी मिळाला. तोवर आमची मनं आणि घरं दोन्ही पुरेशी मोकळी झाली होती.

पण मोठ्या साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः फाटक उघडलं. कामगार असो की वस्तीतला कुणी, पॅकिंगच्या शेडमध्ये सगळ्यांना जागा दिली. कॅन्टीन दिवसभर चालू, जनरेटरवर मोबाइल चार्ज करायची सोय, आठवडाभर भरपगारी रजा. याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. माझी तक्रार नाही म्हटल्यावर बायकोने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

खरी अडचण छपराची होती. परवा दुपारपासून पुन्हा मुसळधार, असं रेडिओवर सांगत होते. ताडपत्रीच्या कारखान्यात बसून डोक्यावर ताडपत्री नाही, अशी आमची शोभा झाली होती. चांगला माल आदल्या दिवशीच ट्रकमधून गेलेला. मशीनच्या मोटारी भिजलेल्या. उरला गोदामातला नापास ढीग. मोठे साहेब म्हणाले, "वाटून टाका. सगळ्यांची एकच रांग."

रांग लागली. पहिली बाई पुढे आली, ताडपत्री उलगडली, लाल शिक्का पाहिला आणि परत घडी घातली.

"ही मावशीनं नापास केलीय," ती म्हणाली.

"अहो पण फुकट आहे," शुभसकाळ म्हणाला.

"फुकट असली म्हणून काय झालं? नुसता पाऊस आत आला तर मी भिजेन. ही घालून आत आला तर मावशी म्हणेल, मी सांगितलं होतं."

मागचे सगळे माना डोलवायला लागले. छप्पर नाही, आभाळ भरतंय, आणि अख्खी वस्ती नापास माल घ्यायला तयार नाही! वर्षानुवर्षं मावशीला शिव्या घालणारे आम्हीच, पण तिच्या शिक्क्यावर आमचा एवढा विश्वास आहे हे आम्हालाही त्याच दिवशी कळलं.

शुभसकाळला वाटलं, शिक्काच गेला तर प्रश्न मिटला. त्याने थिनरचा डबा आणला आणि सहा ताडपत्र्यांवरचे शिक्के घासून काढले. शिक्क्याबरोबर ताडपत्रीचा वरचा थरही निघाला. त्या सहा आता चहा गाळायला बऱ्या होत्या.

मोठे साहेब मावशीकडे गेले. ती शेडच्या कोपऱ्यात, उरलंसुरलं सामान पोटाशी धरून बसली होती. साहेब म्हणाले, "मावशी, नुसतं येऊन सांगा की बऱ्याचशा ठीक आहेत. तुम्हाला तर आठवत असेल कोणती कशानं नापास केली."

मावशीने पोटाशी धरलेलं सामान बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "नाही आठवत."

हे दोन शब्द तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकले नव्हते. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की कारणं तिच्या डोक्यात लिहिलेली असतात.

"मग आता?" साहेबांनी विचारलं.

"पाणी तर भरपूर आहे," ती उठत म्हणाली. "माझं स्टूल आणा."

अंगणात तळं साचलेलंच होतं. चार माणसांनी चार कोपरे उंच धरायचे, मध्ये दोन बादल्या पाणी ओतायचं, आणि खाली स्टुलावर मावशी, उघड्या डोक्याने. डोक्यावर थेंब पडला तर नापास. नाही पडला तर तिने मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पास म्हणायचं. ही अट तिनेच घातली. "मी म्हटल्याशिवाय ही माणसं नेणार नाहीत," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

पहिली आली. पाणी ओतलं. मावशी वर बघत बसली. थेंब नाही.

"पास."

टाळ्या, शिट्ट्या! मी तर कोपरा धरून नाचलो. दुसरी पास, तिसरी पास, चौथी गळली, पाचवी पास. माझ्या तिरक्या आयलेटची एक आली, तीही पास. मी ओरडलो, "मावशी, बघ, आयलेट तिरकी आहे म्हणून पाऊस काही तिरका शिरत नाही!" सगळे खदाखदा हसले. सतरा वर्षांची उधारी फेडून घेत होतो मी.

साठ-सत्तर झाल्यावर शिट्ट्या थांबल्या. कुणी कुणाला गप्प केलं नाही. पण प्रत्येक 'पास'बरोबर तिचा आवाज खाली खाली जात होता, आणि ओल्या साडीत अंग चोरून बसलेली ती बाई आम्ही कधी पाहिलीच नव्हती. दर 'पास' म्हणजे तिची एक चूक, आणि ती चूक तिने स्वतःच्या तोंडाने जाहीर करायची. शंभरावीनंतर मी म्हटलं, "मावशी, जरा थांब, चहा घे." ती म्हणाली, "कोपरा सरळ धर." तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक कोपरा धरणारा घरचं सामान उचलायला गेला. रांगेतून एकजण पुढे झाला आणि त्याने तो कोपरा घेतला. माझ्यासमोरचाच. बघतो तर सातनंबर. इतर चारचौघांसारखा तोही रांगेत उभा होता, छप्पर त्याचंही गेलेलं. मावशीने त्याच्याकडे पाहिलं, त्याने बादलीकडे.

आणि ढीग आम्ही वरून खाली उपसत आलो होतो, म्हणजे जुना माल शेवटी. पुढची ताडपत्री उलगडली तर कोपऱ्यावर आकडा छापलेला: सात. त्या अकराही खाली होत्या, महिन्याचा गठ्ठा उलटा टाकलेला, म्हणून अकरावी सगळ्यात तळाला.

पहिली पास. दुसरी पास. जोड वेडेवाकडे होते, अगदी नजरेला खुपतील असे, पण पाणी एक थेंब सोडत नव्हते. पाचवीनंतर मोठे साहेब पुढे आले. "मावशी, तेव्हा परदेशी ऑर्डर होती. वाकडा जोड चालत नव्हता. तुमचं बरोबरच होतं."

"साहेब, तुम्ही बादली भरा," मावशी म्हणाली. साहेबांनी बादली भरली.

दहाच्या दहा पास झाल्या. आता अकरावी. शेडमधले सगळे बाहेर येऊन उभे राहिले. नऊ वर्षांपूर्वी जे बघत होते त्यातले निम्मे तिथे होते. ही गळली तर निदान त्या दिवशीचा शिक्का खरा ठरणार होता. नाही गळली तर बाईने नवऱ्याला विनाकारण घरी बसवलं, हे सगळ्या गावासमोर. मावशीचे हात मांडीवर घट्ट धरलेले. सातनंबर जोडाकडे बघत होता, डोळ्याची पापणी न हलवता.

पाणी ओतलं. मी उंच, म्हणून कोपरा धरून वाकलो की मला खालचं दिसायचं. जोडाच्या मधोमध पाणी गोळा झालं, लोंबलं आणि टपकन मावशीच्या भांगात पडलं. मागोमाग दुसरा थेंब. तिने हातही वर केला नाही.

"पास," ती म्हणाली. दीड दिवसात पहिल्यांदा इतक्या मोठ्याने.

लोकांनी टाळ्या पिटल्या. सत्तावीस वर्षांत कुणालाही एका रेषेची सूट न दिलेली बाई खोटं बोलली होती, आणि तेही खरं बोलून सुटायची एकुलती एक संधी असताना. मला भडभडून आलं. पण हातात कोपरा होता, सोडला असता तर साहेब भिजले असते.

"ही मी नेते," मावशी उठत म्हणाली. "बाकीच्या वाटा."

शुभसकाळने वरच्या ऑफिसला कळवलं की कंपनीने दोनशे तीन दर्जेदार ताडपत्र्या वाटल्या. मी मनातल्या मनात दोनशे दोन म्हणतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला तो बदाबदा. आमच्या घरावरची ताडपत्री पक्की होती, तिरक्या आयलेटची. दोरी उरली होती म्हणून ती द्यायला मी शेजारी गेलो. खाटेच्या बरोबर मध्यावर पातेलं, आणि त्यात टप, टप, टप. खाटेच्या एका टोकाला सातनंबर, दुसऱ्या टोकाला मावशी, खांद्यापर्यंत भिजलेली.

सातनंबरने खिडकीकडे न बघता मला विचारलं, "तू कोपरा धरला होतास ना? गळली होती का?"

मी मावशीकडे पाहिलं. ती माझ्याकडे त्याच नजरेने बघत होती जिने माझी हजारो आयलेटं परत पाठवली.

"नाही," मी म्हटलं. "पास होती."

"जोड माझा आहे," सातनंबर म्हणाला. "तो गळणार हे मला तेव्हाही माहीत होतं, ताडपत्री मशीनवरून काढतानाच."

मग त्याने पायाने पातेलं जरा पुढे ढकललं, खाटेवर स्वतःच्या बाजूला वीतभर जागा केली आणि नऊ वर्षांनी बायकोकडे बघून म्हणाला, "इकडे सरक. भिजतेयस."