बाबांनी सांगितलेलं इंग्रजी

जुन्या काउबॉय सिनेमाची नवी आवृत्ती पाहायला लेकाने मला हौसेने नेलं. मूळ सिनेमा मी कॅम्पातल्या टॉकीजमध्ये मॉर्निंग शोला बाबांबरोबर पाहिला होता. इंग्रजी त्यांनाही कळत नव्हतं, पण लवंगेच्या वासासकट ते माझ्या कानात अर्थ सांगत, "तो म्हणतोय, आधी घोड्याला पाणी दाखव, मग भांडू."

मी तेव्हा नुकताच कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागलेला महापंडित. म्हणालो, "बाबा, गप्प बसा. लोक हसतायत."

ते सरळ होऊन पडद्याकडे पाहू लागले. पुन्हा माझ्याबरोबर कधीच सिनेमाला आले नाहीत, आणि आता तर तेच नाहीत.

नव्या सिनेमात टापा छातीत वाजतात, खाली अक्षरं येतात, सगळं कळतं. शेवटी नायक एकटाच निघाला, तेव्हा माझा कान आपोआप शेजारी कलला. शेजारी लेक ऑफिसची मेल वाचत होता.