तांब्याच्या कळशीतलं पाणी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे. घरात कुणी ही वही उघडलीच तर सांभाळून घ्यावं.

मार्गशीर्षात मी लोधिवलीहून पहिल्यांदा एकटी कर्जतला गेले. आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला तांब्याचा मुलामा देणारा कारखाना झाला आणि पाण्यात धातू उतरला अशी बोलवा उठली. सून पोटुशी. म्हणून उधारीवर जारचं पाणी घेत होतो. कर्जतच्या कॉलेजात पाणी तपासतात, असं कळलं.

चौक गावाला जाऊन एसटी धरली. मांडीवर कळशी, तोंडाला फडकं. शेजारी भाजी विकायला निघालेली म्हातारी होती.

"काय गं, कर्जतला पानी नाय का?"

मी फडकं आणखी घट्ट बांधलं. बाहेर कापलेल्या खाचरांत वालाचे कोंब वर आले होते.

कॉलेजातल्या मॅडमनी आमचं पाणी छोट्या नळ्यांत ओतलं. प्रत्येक नळीत वेगळं औषध, एकेका धातूसाठी एकेक. तो धातू भेटला की औषध उजळतं. अंधार करून जांभळा दिवा लावला. एकच नळी हिरवीगार उजळली. तांब्याची.

"काकी, पाणी कशातून आणलंत?"

"तांब्याच्या कळशीतून. लग्नातली हाय."

"कधी भरलं?"

"काल सांजेला. चिंचेनं लख्ख घासून."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "मग हे कळशीचंच असेल. पण विहिरीचं पुन्हा बघू." चांगल्या कामाला चांगलं भांडं न्यावं, एवढंच मला ठाऊक. त्यांनी दोन धुतलेल्या बाटल्या दिल्या. विहिरीतला एखादा मासाही आणायला सांगितला. पाण्यात धातू थोडा असला तरी जिवाच्या अंगात साठतो म्हणे.

दुसऱ्या दिवशी तीच एसटी, तीच म्हातारी. "आज कळशी रुसली वाटतं?" एका बाटलीत बोटाएवढा मासा बघून तिनं भाजीची पाटी पलीकडं सरकवली.

पुन्हा जांभळा दिवा. सगळ्या नळ्या काळोख्या. मासाही त्याच औषधांत ठेवून बघितला, त्याच्या अंगातही कुठं उजेड नाही. मला दोनदा दाखवलं.

"या धातूंपुरतं पाणी चांगलं आहे, काकी."

स्टेशनाबाहेर गरम वडा खाल्ला. दोन दिवसांत पहिल्यांदा घास गोड लागला. घरी पोचल्यावर सुनेला विहिरीचं पाणी दिलं, आधी मी प्याले.

जार बंद झाले आणि हाती पैसे उरू लागले. नात महिन्याची झाली तेव्हा मी जारच्या दुकानात गेले. मालकानं विचारलं, "वहिनी, जार पाठवू?"

"नको. मागचं किती हाय ते सांगा."

सगळे पैसे देऊन आले.