जमिनीला विचारणारा

मी सरकारी कचेरीत कारकून. सरकारला देव नसतो, असं चहाच्या टपरीवर ठासून सांगायचो. पण कासा गावाजवळच्या एका पाड्यावर दवाखान्याचं भूमिपूजन झालं, तेव्हा हळदीकुंकवाचं ताट माझ्याच हातात होतं.

मुरुमाची जमीन टणक. पाहुण्यांची कुदळ फोटोत पहिल्याच घावाला रुतायला हवी, म्हणून एका म्हाताऱ्या मजुराला सकाळीच खड्डा खणून माती परत सैल भरायला सांगितलं होतं. त्याचं नाव मी विचारलं नाही. खणण्याआधी त्याने चपला काढल्या, चिमूटभर तांदूळ जमिनीवर ठेवले, काहीतरी पुटपुटला आणि बराच वेळ त्या दाण्यांकडे बघत राहिला.

मंडपात मंत्र सुरू झाले, तेव्हा तो मागे कुंपणाशी बिडी ओढत उभा होता.

"पूजेला नाही येत?" मी विचारलं.

"माझं सकाळीच झालं, साहेब. मी जमिनीला विचारलं. हे तिला नुसतं कळवतात."

नारळ फुटला, टाळ्या वाजल्या. त्याने बिडी विझवली.

"दोन वर्षांमागं पण कळवलेलं," तो म्हणाला. "ह्याच खड्ड्यात."