गच्चीवरचे खुबूस

"घे, तूच ओत. तुमच्या वाडीला उष्ट्याखरकट्याची सवय आहे."

सुपरवायझरने फिनेलचा कॅन माझ्या हातात दिला. मस्कतजवळच्या रुसैलमधल्या आमच्या केटरिंग किचनची गच्ची. भर दुपार. समोर धुतलेल्या चादरीवर खुबूस वाळत घातलेले. खुबूस म्हणजे इथली मैद्याची रोटी. बाजूला दोन खोकी, चिकटपट्टी लावून तयार. अख्खी शिफ्ट रांगेत उभी केलेली. साहेब हे मराठीत बोलला, आणि बाकीच्यांना कळावं म्हणून पुन्हा हिंदीत. दोघंतिघं हसले. उरलेले आपापल्या चपलांकडे बघत राहिले.

हा साहेब माझ्याच जिल्ह्यातला. रत्नागिरीकडचा. मी मस्कतला उतरलो तेव्हा न्यायला तोच आला होता. आपला माणूस भेटला म्हणून मी खूश. गाडीत त्याने आडनाव विचारलं. त्यावरून अंदाज लागेना. मग गाव विचारलं. मग म्हणाला, "वाडी कुठली?" कोकणातल्या माणसाला वाडी विचारली की जात वेगळी विचारावी लागत नाही. मी सांगितलं, बौद्धवाडी. तो "अच्छा" म्हणाला आणि गाणी लावली.

मी कुक म्हणून आलो होतो. व्हिसावर तसं लिहिलेलं होतं. आठवड्याभरात मला शेगडीवरून काढलं आणि मागच्या दाराला, कचऱ्याच्या पिंपांवर लावलं. कारण त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं. माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, गावाकडे खाणारी तोंडं. विचारून काय होणार होतं?

मागच्या दाराला रूडो होती. झिंबाब्वेची. भांडी आणि फरशी तिच्याकडे. तिचं इंग्लिश, माझं मोडकंतोडकं इंग्लिश, मध्ये किचनमधलं हिंदी, असं आमचं बोलणं व्हायचं. पार्ट्यांहून परत आलेले, पिशवीसुद्धा न उघडलेले खुबूस तिथे वेगळे ठेवायचे. एक ओमानी म्हातारा बकऱ्यांसाठी घेऊन जायचा. रूडो त्याला विचारून त्यातले थोडे घ्यायची. तो हात हलवून 'ने, ने' म्हणायचा. मग ती ते गच्चीवर वाळवायची.

"इथे ऊन फुकट," एकदा म्हणाली. "घरीपण फुकटच. पण तिथे वाळवायला काही नाही."

तिच्या गावी सलग दोन पावसाळे मका जळाला होता. नदीची नुसती वाळू उरलेली. बायका वाळूत खड्डा खणतात, पाणी झिरपायची वाट बघतात, वाटीवाटीने हंडा भरतात. शाळेत पोरांना लापशी मिळते, पण ती शिजवायला पाणी पोरांनीच न्यायचं. बाटली नाही आणली तर लापशी नाही. गाय एकदा खाली बसली की उठत नाही, म्हणून उभी आहे तोवर पोतंभर मक्याला देऊन टाकायची. रूडोने पाठवलेले पैसे आईच्या फोनवर दिसतात, हातात येत नाहीत. बँकेपुढे रांग आणि आत नोटाच नाहीत. म्हणून आईने निरोप दिला होता, पैसे नको, खायचं पाठव. वाळलेला खुबूस महिनोन्‌महिने टिकतो. काळ्या चहात भिजवून पोरांना देता येतो. ती दोन खोकी म्हणजे पाऊस येईपर्यंतची बेगमी होती. कार्गोवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. आईला सांगून झालं होतं.

तेवढ्यात साहेबाला पत्ता लागला.

"बकऱ्यांनी खाल्लं तर चालतं," तो रांगेपुढे म्हणाला. "कामगारांनी नेलं की कंपनीची इज्जत जाते."

माझ्या आईने मला एकच गोष्ट मारून शिकवली होती. उष्टं घ्यायचं नाही. कुणी कितीही प्रेमाने दिलं तरी नाही. आजीने जन्मभर घेतलं होतं, म्हणून. त्यामुळे रूडोला ते खुबूस उचलताना बघून मलाच लाज वाटायची. त्या दिवशी कॅन हातात धरून उभा होतो तेव्हा कळलं, लाज भलत्याच माणसाला वाटतेय. भुकेल्याला वाटतेय. ज्याला वाटायला हवी तो इस्त्रीचा शर्ट घालून समोर उभा होता. मला त्याचा भयंकर राग आला.

रूडोला मराठी कळत नव्हतं, हिंदीही कामापुरतंच. कॅन कळत होता. ती खोक्यांपुढे येऊन उभी राहिली. "सर, प्लीज. माय मदर. नो रेन."

"माँ को बोलो बारिश माँगे, ब्रेड नहीं," साहेब म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "यल्ला, चल, ओत."

"नाही ओतणार."

"काय?"

"मी कुक आहे. अन्नावर फिनेल ओतायला मला कुणी शिकवलं नाही. आमच्या वाडीत तर नाहीच."

मी कॅन खाली ठेवला. रांगेतून माझ्या बाजूला कुणी आलं नाही. साहेबाने रूडोला बाजूला सारलं, दोन्ही खोकी फाडली आणि स्वतः ओतलं. चादरीवरही ओतलं. "खलास," म्हणाला आणि जिना उतरून गेला. माझ्या 'नाही'ने एकही खुबूस वाचला नाही.

गच्ची पुसायचं काम रूडोचंच होतं. तिने बादली आणली. मी फडकं घेतलं. वासाने डोळे चुरचुरत होते.

"फोन लागला की आईला काय सांगू?" तिने विचारलं. मी बादली उचलली आणि पाणी बदलायला खाली गेलो.

त्याच आठवड्यात मला पार लांब, दुक्मच्या बांधकाम साइटवर पाठवलं. शिक्षा म्हणून. वाळू, क्रेन आणि नुसत्या बाप्यांचा कॅम्प. तिथे कुक कमी पडत होते म्हणून शेगडी परत मिळाली. उपकार कुणाचे नाहीत. रूडोचा फोन काही दिवस लागायचा, मग लागेनासा झाला. तिच्या घरी पुढे काय झालं मला माहीत नाही. तिच्यासाठी मी काहीच करू शकलो नाही.

इथल्या मेसमध्ये पातेल्यात उरलेला भात, चपात्या मी फेकत नाही. बाहेरच्या टेबलावर मांडतो. सफाईवाले, वॉचमन, ज्याला हवं त्याने न्यावं. विचारायची गरज नाही. कॅम्प बॉसने दोनदा दम दिला. तिसऱ्यांदा जवळ येऊन हळूच म्हणाला, "चुपचाप दे दिया कर. मैं देखूँगा नहीं."

त्यालाही मी नाही म्हटलं. लपवून दिलं की घेणाऱ्याला मान खाली घालून न्यावं लागतं. मी दिवसाढवळ्या देणार, सगळ्यांच्या देखत. व्हिसा रद्द करायचा तर खुशाल करा. विमानात बसवेपर्यंत मी वाढत राहणार.