टायवाल्याची बातमी

देवव्रत पहाटेच कंपनीच्या बसने रास लफानच्या गॅस प्रकल्पावर गेलेला असे, नात ईराची शाळेची व्हॅन येऊन गेलेली असे, आणि मग दोह्याच्या अल मुंतझा भागातल्या त्या फ्लॅटमध्ये सासू-सुना दोघीच टेबलाशी उरत. रत्नप्रभाबाई पोह्यांची बशी पुढे ओढायच्या, घसा साफ करायच्या आणि म्हणायच्या, "आजची ठळक बातमी."

त्या दिवशीची बातमी खालच्या कॅफेटेरियाची होती. या गावात माणूस चहाकडे जात नाही, गाडीत बसून हॉर्न वाजवतो आणि चहाच धावत बाहेर येतो, हे बाईंना आल्या आठवड्यातच कळलं होतं. काल एका गाडीने जरा जास्त हॉर्न वाजवला, तर दोन दुकानांतून दोन करक चहा आले, आणि गाडीवाला बिचारा नुसता वळायची वाट बघत होता. "घेतले हो त्याने दोन्ही," बाई म्हणाल्या. "दोन्ही दुकानदारांची तोंडं बघून घेतले. एवढी माणुसकी आहे अजून."

मालविका खळखळून हसली. तिचा फोन नेहमीसारखा लोणच्याच्या बरणीला टेकून उभा होता. सूनबाई रेसिपी बघत बघत खाते, अशी बाईंची समजूत होती. इतकं बघूनही आमटी तशीच, हेही त्यांच्या मनात येई, पण ती बातमी त्यांनी कधी दिली नाही.

बातम्या देणं हा त्यांचा जुनाच उद्योग. सिन्नरजवळ वावीला त्या शाळेत मास्तरीण होत्या, आणि शाळा सुटली की चौकातला वार्ताफलक त्यांच्या ताब्यात असे. ओल्या फडक्याने कालचं पुसायचं, खडूने आजचं लिहायचं. कुणाची म्हैस हरवली, कुणाची मुलगी पास झाली, पाण्याचा टँकर आज येणार की 'येणार' असं नुसतं म्हणणार. टँकरबद्दल त्या असं काही लिहीत की सरपंचसुद्धा थांबून वाचत आणि कुणी बघत नाहीसं बघून हसत. फळ्याचा एक नियम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. ज्या घरची वाईट बातमी, ती त्या घराला आधी कळली पाहिजे. चौकातून घरी जाता कामा नये. एकदा एका पोराच्या नापास होण्याची खबर त्यांच्याकडे सकाळीच आली होती. पोराचा बाप संध्याकाळी शेतावरून घरी येईपर्यंत त्यांनी फळ्याकडे फिरकायचंच टाळलं, आणि दुसऱ्या दिवशीही फक्त पास झालेल्यांची नावं लिहिली.

नवरा गेल्यावर मुलाने, देवव्रतने, त्यांना दोह्याला आणलं. इथे चौक नव्हता, फळा नव्हता. बाल्कनी होती आणि टेबल होतं. बाईंनी त्यावर भागवलं. चौथ्या मजल्याचा एसी दुसऱ्याच्या धुण्यावर गळतो आणि लिफ्टमध्ये दोघंही एकमेकांना दुरुस्तीबद्दल 'इन्शाल्ला' म्हणतात, ही बातमी. रस्ता बंद आहे, पर्यायी रस्ताही बंद आहे, पण पर्यायी रस्त्याची पाटी नवीकोरी आहे, ही दुसरी. मालविका ऐकायची, हसायची, कधीकधी 'आई, ते परत सांगा ना' म्हणायची. इतकी कौतुकाने ऐकणारी सून मिळाली म्हणून बाई मनातून सुखावत, आणि आणखी रंगवून सांगत.

दारावर थाप पडली ती त्या सकाळच्या दुसऱ्या बातमीच्या मध्यात. बेल असताना कुणीतरी तळहाताने दार वाजवत होतं.

दारात वरच्या मजल्यावरची लवीना उभी होती. वसईची, इथे एका दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. अंगावर कामावरचा निळा कोट तसाच, पण कामावर जाणारी व्हॅन तर केव्हाच गेली होती. बाईंनी आत ये म्हटलं, पोहे घे म्हटलं. ती आत आली, पण बसली नाही. मालविकाकडे तिने पाहिलंही नाही. फोन काढून तो बाईंच्या समोर धरला.

फोनमध्ये रत्नप्रभाबाई होत्या. हेच टेबल, हीच लोणच्याची बरणी कोपऱ्यात अर्धी दिसणारी. खाली ठळक अक्षरांत 'सासूबाईंच्या बातम्या', आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यानंतर कुठूनसं बदक ओरडत होतं.

"वरचा," फोनमधल्या बाई म्हणाल्या, मग नावाच्या जागी पींऽ असा आवाज झाला, "सकाळी टाय लावून, डबा घेऊन निघतो. बायकोची व्हॅन वळली की हा इमारतीला वळसा घालतो आणि मागच्या कॅफेटेरियात जाऊन बसतो. दुपारपर्यंत तिथेच. हल्ली त्याचं ऑफिस तिथेच भरतं बहुतेक, आणि साहेब म्हणजे तो पराठेवाला." बदक ओरडलं. खूप जण हसल्याचा आवाज झाला आणि चित्र थांबलं.

बाईंना ती सकाळ आठवली. पुढचं वाक्यही आठवलं. हसणं ओसरल्यावर त्या म्हणाल्या होत्या, 'पोराची नोकरी गेलेली दिसते गं. हे या घराबाहेर जाऊ द्यायचं नाही.' ते वाक्य फोनमध्ये नव्हतं.

"माझ्या मैत्रिणीने पाठवलं," लवीना म्हणाली. "काल दवाखान्यात सगळे मिळून बघत होते. मीसुद्धा हसले, आजी. मग टाय म्हटलं तेव्हा हसायची थांबले. या बिल्डिंगमध्ये टाय फक्त माझा नॉर्मन लावतो."

मालविका घाईघाईने बोलू लागली. नाव काढून टाकलं होतं, पींऽ टाकलं होतं, तो ग्रुप तर फक्त आपल्या मराठी मंडळींचा होता, पुढे कुणी पाठवलं कोण जाणे, आत्ता डिलीट करते. लवीनाने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि उत्तर बाईंकडेच मागितलं.

"मला एवढंच सांगा. कधीपासून बसतोय तो तिथे?"

खोटं बोलायची संधी होती. बाईंनी क्षणभर तिच्याकडे बघितलंही. पण दवाखान्यात सगळ्यांसमोर हसलेल्या त्या मुलीला आता निदान घराच्या आत कुणीतरी खरं सांगायला हवं होतं.

"रमजानच्या आधीपासून," त्या म्हणाल्या.

लवीनाने मान हलवली. रमजानच्या आधी म्हणजे ईस्टरच्याही आधी. ईस्टरला त्याने तिला नवा ड्रेस घेतला होता, बोनस मिळाला म्हणून. एवढं सांगून ती निघाली. पोहे राहिले.

संध्याकाळी देवव्रतने सगळं ऐकलं. बायकोवर थोडा चिडला, मग आईला म्हणाला की लोक आठवड्यात विसरतील, आणि तसं बघितलं तर तू किती फेमस झाली आहेस. आपले साहेबसुद्धा तुझे फॅन आहेत, हे त्याने समजूत घालण्याच्या सुरात सांगितलं. बाईंना तेव्हा कळलं की त्यालाही ठाऊक होतं. ईरालाही होतं; तिच्या वर्गातल्या मुली 'डक आजी' म्हणत. गणपतीच्या कार्यक्रमात अनोळखी बायका त्यांच्याकडे बघून तोंडावर पदर धरत होत्या, आणि बाई त्यांना ओळखीचं हसू देत होत्या. परगावी माणसं किती मोकळी, असंही त्यांनी त्या दिवशी घरी येऊन सांगितलं होतं. त्याचाही एक व्हिडिओ झाला असणार.

मालविका रात्री जेवली नाही. तिचंही बाईंना दिसत होतं. पुण्याला कॉलेजात बक्षिसं मिळवलेली मुलगी इथे दिवसभर चार भिंतींत, कुणाच्या लेखी नसलेली. बदकाच्या आवाजावर का होईना, तिचं नाव चार घरांत झालं होतं. बाईंना तिची कीव आली. राग मात्र त्यामुळे कमी झाला नाही.

दुसऱ्या सकाळी त्या सवयीने बाल्कनीत गेल्या. खाली हॉर्न वाजत होते. नॉर्मन बाहेर आला. गळ्यात टाय नव्हता, हातात डबा नव्हता. त्याने इमारतीला वळसा घातला नाही, रस्त्याच्या मधोमध थांबून वर पाहिलं. बाई पटकन पडद्यामागे झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या कुणाला बघताना लपल्या.

टेबलाशी उपमा निवत होता. त्या बसल्या, बशी पुढे ओढली आणि खाऊ लागल्या. चमच्यांशिवाय आवाज नव्हता. मालविकाने सगळे व्हिडिओ काढून टाकल्याचं सांगितलं. वर जाऊन लवीनाची माफी मागायचं ठरवल्याचंही सांगितलं. दार उघडलं तर. मग तिला रडू आलं. तुम्हाला वावीला जायचं असेल तर मी यांना तिकीट काढायला सांगते, म्हणाली, पण असं गप्प बसू नका.

वावीचं घर भाड्याने दिलेलं होतं. चौकातल्या फळ्यावर आता कुठल्याशा क्लासची जाहिरात होती. तिकिटाने काय होणार होतं, हे बाईंना कळत होतं.

त्यांनी लोणच्याच्या बरणीकडे पाहिलं. सवयीने की काय, फोन तिथेच टेकून उभा होता, कॅमेऱ्याची काच त्यांच्याकडे करून.

"तिकीट नको," त्या म्हणाल्या. "मी बोलत असेन तेव्हा फोन आतल्या खोलीत ठेवून येत जा."