अजिंठा, दोन डोल्या आणि पायातली परांची

या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना माहीत आहे की इथे फक्त पायी प्रवास चालतो. रोपवे, घोडे, डोल्या यांची मी आजवर भरपूर टिंगल केली आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला जास्त मजा येईल.

अधिक महिना लागला आणि छत्रपती संभाजीनगरहून भास्करदादांचा फोन आला. दादा म्हणजे माझ्या बायकोचे, मेधाचे, थोरले भाऊ. बजाजनगरला राहतात आणि वाळूजच्या एका कारखान्यात दिवसभर लाइनवर उभं राहून काम करतात. सासरे गेल्यापासून जावयाला धोंडे खाऊ घालायचा मान त्यांचा. यंदा आम्ही नको म्हणत होतो, कारण व्हॉलीबॉल खेळताना त्यांच्या टाचेमागची जाड शीर तुटली होती आणि ऑपरेशनला जेमतेम दोन महिने झाले होते. पण धोंड्याच्या महिन्यात जावई आला नाही तर लोक काय म्हणतील, या प्रश्नापुढे शीर किरकोळ ठरली.

पुण्याहून भल्या पहाटे निघा. वाघोलीच्या वाहतुकीत निम्मा संयम संपतो, पुढे रस्ता बरा आहे. आम्ही जेवणाच्या वेळेला बजाजनगरात होतो.

दादांच्या पायात काय बसवलंय ते वहिनींनी सांगितलं. शिरेची तुटलेली टोकं शिवून डॉक्टरांनी त्यावर अतिशय बारीक तंतूंची पट्टी गुंडाळली होती. या तंतूंच्या आधाराने शरीराच्या पेशी वाढतात, नवी शीर तयार होते आणि पट्टी हळूहळू विरघळून जाते. डॉक्टरांनी बजावलं होतं, की ही बांधकामाची परांची आहे, इमारत अजून व्हायची आहे आणि परांचीवर कोणी संसार मांडत नाही. सपाटीवर काठी घेऊन चालायचं, पायऱ्या चढायच्या नाहीत.

गल्लीतली बातमी मात्र वेगळी होती. भेटायला येणारा प्रत्येक जण दादांची टाच दाबून बघायचा आणि आपलं मत ठेवून जायचा. एकाच्या मते आत जर्मन तार होती, दुसऱ्याच्या मते विमानात वापरतात तो धागा. दादांना दोन्ही पटलं होतं. "हत्ती बांधला तरी तुटायचा नाय, पाव्हणं," ते मला म्हणाले.

वहिनी स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "पुन्हा तुटलं तर अवघड हाय, भाऊजी. लाइनवर उभं राहता नाय आलं तर कंपनी किती दिवस थांबल?"

जेवायला पुरणाचे धोंडे आणि वर तुपाची धार. त्यानंतर माणूस कशालाही हो म्हणतो. दादांनी जावयाला अजिंठा दाखवायचं जाहीर केलं आणि मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सिल्लोडला चहा, वहिनींची धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी. सोमवारी लेणी बंद असतात. उन्हाळ्यात जाऊ नका, आम्ही गेलो. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून तिथल्या बसने लेण्यांच्या पायथ्याशी उतरलो. दादा खाली सावलीत बसतील असं ठरलं होतं, पण पायऱ्या दिसताच त्यांनी काठी वहिनींकडे दिली. वहिनींनी ती परत त्यांच्या हातात दिली. डोली करू, असं सगळ्यांनी विनवलं.

"पाव्हणं पायी अन् मी डोलीत?" दादा म्हणाले. "धोंड्याच्या महिन्यात? शोभतं का?"

यावर डॉक्टरकडे उत्तर नव्हतं. मेधाकडे होतं. तिने दोन डोल्या सांगितल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बस."

मी बसलो, तेव्हा दादाही दुसरीत बसले. चार जणांनी दांडे खांद्यावर घेतले. एकाने विचारलं, पेशंट कोणता? दादांनी शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. वाटेत शाळकरी मुलींच्या एका घोळक्याने माझा फोटो काढला. (दर आधी विचारून घ्या.)

टोकाच्या एका लेण्यात बुद्धाची आडवी, निजलेली भव्य मूर्ती आहे. दादा काठी टेकत तिच्या पायांशी जाऊन उभे राहिले.

"लई भ्या वाटतं, पाव्हणं," मग म्हणाले. "उभंच राहता नाय आलं तर?"

मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही तसेच उभे राहिलो. मला हा माणूस फार आवडतो, हे तेव्हा कळलं. उतरताना त्यांनी डोलीला नाही म्हटलं नाही.

घरी परतलो तोवर घराण्याच्या ग्रुपवर इतिहास लिहून झाला होता. पुण्याच्या जावयाला चढवेना, एकट्याला डोलीत बसायची लाज वाटत होती, म्हणून भास्करने बिचाऱ्याला सोबत केली. मी खुलासा टाइप केला आणि पुसून टाकला.

त्यानंतर काही महिन्यांनी एका लग्नात भेट झाली. दादा नुकतेच लाइनवर परतले होते. पंगतीत वाढत होते, दोन्ही पायांवर, काठीशिवाय. एक मामा माझ्याशेजारी बसले, खाली वाकून त्यांनी माझी धडधाकट टाच दाबली आणि विचारलं, "आता कसंय?"

दादा जिलेबीचं ताट घेऊन समोर थांबले होते. माझ्याकडे बघत होते.

"दुखते थोडी," मी म्हणालो.