मारिहोतची रक्ताची कढई

लुंबान दोलोकच्या चर्चचे पाळक बदलले, छप्पर बदललं, पण जेवणावळीची कढई चोवीस वर्षं मारिहोतच्याच ताब्यात राहिली. पोटासाठी तो सुमात्रातल्या तोबा सरोवरावरच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, पण नाव होतं ते सांसांगमुळे, म्हणजे डुकराचं मांस त्याच्याच रक्तात शिजवण्यामुळे. रक्त गोठू नये म्हणून त्यात लिंबू पिळून हाताने ढवळत राहावं लागतं. मारिहोत कोपरापर्यंत हात बुडवून उकिडवा बसायचा आणि मदतीला आलेल्यांना हुसकून लावायचा, "व्हा बाजूला. तुमच्या हातांना घाई आहे." माणूस गर्विष्ठ होता, उगाच का झाका!

चोविसाव्या वर्षी ईस्टरला लोंगोमने बाप्तिस्मा घेतला. हा गावचा जावई, सुतार, जुन्या मालिम पंथात वाढलेला. त्या पंथात रक्त निषिद्ध. जेवणावळीत मारिहोतने त्याच्या भातावर भला मोठा डाव रिकामा केला.

"खा, जावईबापू! आता तुम्ही आमच्यातले. की अजून जुन्या देवाची भीती वाटते?"

सगळी पंगत हसली. लोंगोमने खाली मान घालून खाल्लं. थोड्या वेळाने मारिहोतच्या बायकोला, तिआम्साला, तो चर्चमागच्या कॉफीच्या झाडांत ओकताना दिसला. पुढचे तीन रविवार तो चर्चला आला नाही.

"इतकी वर्षं लोकांना जेवू घातलंत," तिआम्सा म्हणाली, "आणि एकाला ताटावरून उठवलंत."

"मी काय पाप केलं? देवाने दिलेलं अन्न आहे. मला हक्क आहे ते रांधायचा."

"आहे ना. मग तोच शिजवा कढईत."

हे त्याला फारच झोंबलं. त्याने प्रकरण चर्चच्या वडील मंडळींपुढे नेलं. त्यांतले थोरले गायुस यांनी निकाल दिला, "मारिहोत, आपल्याकडे रक्ताला मनाई नाही. तुझं बरोबर आहे."

जिंकलेला मारिहोत निकाल सांगायला थेट लोंगोमच्या अंगणात गेला. लोंगोम फळीवर रंधा मारत होता. मारिहोतने तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला,

"मामा, तुमचंच बरोबर असणार. मलाच जमत नाही. घास तोंडाशी नेला की आजी डोळ्यांपुढे उभी राहते. मग वाटतं, माझा विश्वासच खोटा. मग चर्चला कुठल्या तोंडाने येऊ?"

मारिहोतच्या जिभेवर आलेला निकाल तिथेच राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "रविवारी ये बाबा," एवढंच पुटपुटून तो घरी आला.

सुगीच्या सणाला त्याने रक्ताला फाटा दिला आणि भाजलेल्या खोबऱ्यात मांस शिजवलं. लोकांनी नाकं मुरडली. लोंगोम आला, पंगतीला बसला आणि मिठाशी भात खाऊन उठला.

"एवढं केलं, तरी शिवला नाही!" मारिहोत तडकला.

तिआम्साला हसू आवरेना. "अहो, मालिम लोकांना डुक्करच वर्ज्य असतं. चोवीस वर्षं कढईतच बघत बसलात, शेजाऱ्याच्या ताटात कधी डोकावलात का?"

 सणानंतर तिसऱ्या दिवशी मारिहोत मासा घेऊन लोंगोमच्या बायकोपुढे, रोसिंतापुढे, जाऊन बसला.

"पोरी, शिकव. आता उलटू का?"

"मामा, हा मासा उलटायचा नसतो. नुसता धीर धरायचा."

पहिला मासा करपला, दुसरा खारट झाला. पण तेव्हापासून चर्चच्या जेवणावळीत हळद घातलेला मासाच व्हायला लागला, आणि रांधायचा मारिहोतच. संतबिंत काही तो झाला नाही. सांसांगची आठवण आली की दिवसभर सगळ्यांवर खेकसायचा. लोंगोमच्या कानावर मात्र त्यातला एक शब्द त्याने कधी जाऊ दिला नाही. लोंगोमची जागा पुन्हा रिकामी राहिली नाही.

अकरा वर्षांनी मारिहोत गेला. शवपेटी लोंगोमनेच केली. मातीच्या दिवशी मंडळींनी रीतीप्रमाणे मासे आणवले होते. लोंगोम अंगणात आला, सदरा काढून खुंटीला लावला आणि म्हणाला, "मासे ठेवा बाजूला. आज मामांना आवडायचं तेच होणार."

डुक्कर कापलं. लोंगोमने लिंबू पिळलं, तोंड वळवून घेतलं आणि कोपरापर्यंत हात रक्तात बुडवला. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता, पण हात थांबला नाही.

गायुस जवळ आले. "ऊठ, जावईबापू. दुसरं कुणी बसेल."

"नको," लोंगोम म्हणाला. "तुमच्या हातांना घाई आहे."

सांसांग त्यानेच वाढलं. तिआम्साच्या ताटात वाढताना मात्र दोघांनाही रडू आवरलं नाही. मग तो पंगतीच्या टोकाला बसला आणि मिठाशी भात जेवला.